बाजूची फिरकी आणि भरवशाचा हात



न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. त्याच साली जबलपूरच्या छावणीत इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी बिलियर्ड्सच्या मेजावर स्नूकर नावाचा नवा खेळ बसविला, असे मानतात. तेव्हा अशा व्यासपीठावरून मेजावरच्या चेंडूंविषयी बोलणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये. आज आम्ही स्नूकरच्या भावंडाविषयी, म्हणजे पूलविषयी बोलणार आहोत. आणि त्यातही एकाच गोष्टीविषयी. अवघड कट मारताना पांढऱ्या चेंडूला बाजूची फिरकी द्यावी काय, आणि द्यायची तर हात न कचरता कशी द्यावी?

कॅरम खेळलेल्या माणसाला कट समजावून सांगावा लागत नाही. सोंगटीच्या मधोमध स्ट्रायकर लागला तर ती सरळ जाते. कडेला लागला तर कडेच्या हिशेबाने तिरपी जाते. पूलमध्येही तसेच. अर्धा चेंडू झाकेल असा मार बसला, तर रंगीत चेंडू ३० अंशांनी वळतो. पाव चेंडू झाकला, तर सुमारे ४९ अंशांनी. मार जितका पातळ, तितका तो नाजूक. एक उदाहरण घेऊ. रंगीत चेंडू समोरच्या आखूड गादीजवळ आहे आणि तो डाव्या कोपऱ्याच्या खिशात ६० अंशांच्या कटाने घालावयाचा आहे. पांढरा चेंडू त्याच्यापासून एक मीटर दूर आहे. चेंडूचा व्यास सुमारे ५७ मिलिमीटर. या ठिकाणी पांढऱ्या चेंडूची दिशा अंशाच्या अवघ्या दहाव्या भागाने चुकली, तर रंगीत चेंडूची दिशा साडेतीन अंशांच्या आसपास चुकते. सरळ माऱ्यात होणाऱ्या चुकीच्या ही दुप्पट झाली.

मग इतक्या नाजूक जागी फिरकीची भानगड हवीच कशाला, असे कोणीही विचारील. उत्तर असे की, खेळ एका चेंडूवर संपत नाही. पुढचा चेंडू मारण्याजोग्या जागी पांढरा चेंडू यावा लागतो. ६० अंशांच्या कटात पांढऱ्या चेंडूजवळ टकरीनंतरही मूळ वेगाचे सुमारे ८७ टक्के उरतात. आमच्या उदाहरणात तो समोरच्या गादीवर जवळजवळ सरळ आदळून तसाच परत येतो. त्याला उजवी फिरकी असेल, तर गादी त्याला उजवीकडे वळविते आणि तो मेजाच्या मोकळ्या भागात जातो. फिरकीवाचून हे साधत नाही. म्हणून जो फिरकी कायमची टाळतो, तो एक चेंडू घालतो आणि डाव हरतो.

भीतीचे कारण मात्र खरे आहे. फिरकी दिली की तीन गोष्टी घडतात. पहिली : काठी मध्याच्या उजवीकडे टेकली, तर चेंडू काठीच्या रेषेत न जाता किंचित डावीकडे सरकून निघतो. ही सरक एक अंश धरली, तरी आमच्या कटात ती फार महाग पडते. दुसरी : काठीचे मागचे टोक थोडेसे उचललेलेच असते, त्यामुळे तोच चेंडू पुढे वळत पुन्हा उजवीकडे येऊ पाहतो. हळू माऱ्यात हे वळण जास्त, जोराच्या माऱ्यात कमी. तिसरी : टकरीच्या क्षणी दोन्ही चेंडू एकमेकांना घासतात आणि रंगीत चेंडू थोडा ओढला जातो. बाहेरच्या बाजूची फिरकी, म्हणजे डावीकडच्या कटाला उजवी, ही ओढ कमी करते. ३० अंशांच्या कटाला मध्यापासून सुमारे सहा मिलिमीटर बाजूला टेकलेली काठी ती जवळजवळ नाहीशी करते.

आता कारखान्यातला दाखला देतो. लेथच्या स्क्रूमध्ये थोडा खेळ असतोच. शहाणा टर्नर त्याबद्दल यंत्राला शिव्या देत नाही आणि डोळेही मिटून घेत नाही. खेळ किती आहे ते तो एकदा पाहून ठेवतो आणि हत्ती फिरविताना तेवढा सोडून माप धरतो. काठीचे तसेच आहे. जिच्या पुढच्या टोकाकडचे वजन कमी, तिची सरक कमी. पण प्रत्येक काठीची सरक ठरलेली असते. ती मोजून घ्यावी. दोन्ही चेंडूंच्या जागा खडूने खुणावाव्यात. आधी फिरकीवाचून दहा वेळा मारावे. मग त्याच जोराने, काठी शक्य तितकी आडवी ठेवून, सहा मिलिमीटर उजवीकडे दहा वेळा मारावे. चेंडू जाड लागला की पातळ, ते वहीत लिहावे आणि नेम तेवढाच बदलावा. जोर, अंतर आणि फिरकी ही तिन्ही एकदम बदलू नयेत. नाहीतर चूक कोणाची ते कळत नाही. टोकाला प्रत्येक वेळी खडू लावावा. एवढे झाल्यावर काठीवर वाकल्यानंतर विचार करू नये. शेवटच्या क्षणी मनगटाने दुरुस्ती करणारा हात बहुधा हरतो.

चेंडूंच्या फिरकीचे पूर्ण गणित १८३५ साली फ्रान्सच्या कोरिओलिसने ग्रंथरूपाने मांडले. याच गृहस्थाने १८२९ साली यंत्रांच्या हिशेबात बल गुणिले अंतर या राशीला ‘काम’ हे नाव दिले. आम्हाला ही जोडी फार अर्थपूर्ण वाटते. ज्याने श्रमाला माप दिले, त्याला मेजावरच्या हातात काय कसब आहे तेही तपासावेसे वाटले. हातातले कसब हे ज्ञान नव्हे, असे आमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यात आले. पाळी सुटल्यावर पूल खेळणारा एखादा पोरगा शाळेत भूमितीत नापास झालेला असेल. पण ६० अंशांचा कट घालताना तो भूमितीच करीत असतो. हे त्याला कोणी सांगत नाही, म्हणून तो यशाला नशीब म्हणतो आणि अपयशाला आपली लायकी. ही समजूत मोडायला हवी.

१९२२ साली पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविले. त्या खेळात तर फिरकीवाचून पाऊलही पडत नाही. असा हात जन्माने मिळत नाही. मार मोजून, पुन्हा पुन्हा मारून तो घडवावा लागतो. तेव्हा आपल्या घरातला मुलगा उद्या मेजाकडे वही घेऊन निघाला, तर त्याला हसू नका. कालचे दहा मार कुठे लागले, एवढे विचारा आणि त्याने सांगितलेले लक्ष देऊन ऐका.