शिडाच्या नौकेचे प्रस्थान



बदलीचा हुकूम येताच आठ दिवसांत बिऱ्हाड हलविणारे आपण लोक. मी सांगणार आहे ते प्रस्थान निराळे. १९ ऑगस्ट २००९ रोजी नौदलातील कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’ या छप्पन्न फुटी शिडाच्या नौकेतून मुंबईहून एकटेच पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. मूळ कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची.

नारळी पौर्णिमा होऊन जेमतेम दोन आठवडे लोटले होते. पावसाळा सरला नव्हता. मग ही घाई कशासाठी? मुहूर्त मुंबईच्या आभाळावरून काढलेलाच नव्हता. दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न हे वादळांचे माहेरघर. ते तिकडच्या उन्हाळ्यात, जानेवारीच्या सुमारास ओलांडावे हे शहाणपणाचे. तेथून महिने उलटे मोजीत आले की ऑगस्ट येतो!

नौका बांधली गोव्यातील दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. बांधणी चालू असताना दोंदे तेथे जातीने हजर असत. भर समुद्रात सुतार, वायरमन, आचारी आणि वैद्य एकाच माणसाला व्हावे लागते. कोणता बोल्ट कोठे आहे हे त्याला अंधारातही उमगले पाहिजे. खरे प्रस्थान मला तेथेच झालेले दिसते. बंदरावरचे निरोप हा त्याचा उपचार.

वाटेत अवघे चार मुक्काम करून दोंदे मे २०१० मध्ये परतले. अशी एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. किनाऱ्यावरून त्यांना साहाय्य करणारे अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याच नौकेतून, मुंबईहूनच निघाले. कोठेही न थांबण्याच्या निश्चयाने.