जन्माचा गुन्हा
(लातूर येथील भाषण)



पारध्याचें पाल गांवाबाहेर पडलें कीं त्या रात्रीं आपण कोंबड्या मोजतों. वडाराचा पोरगा रस्त्यानें चालला तर त्याची पिशवी उघडून पाहण्याचा हक्क कोणालाहि वाटतो. हें शेतकरी करतो, सुतार करतो, कुंभारहि करतो. म्हणून आम्ही आज घरचीच गोष्ट बोलणार आहों.

जोतीरावांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंत काळ्या गुलामांना मोकळें करणाऱ्या लोकांस अर्पण केलें. त्या देशांत आतां कायद्याचे प्रोफेसर वर्गांत उघड शिकवितात कीं, कातडीचा रंग पाहून पोलीस कोणाला अडवितो आणि कोर्टांत कोणाचा निभाव लागत नाहीं. आपल्याकडे रंगाच्या जागीं जात आहे. इंग्रजानें १८७१ सालीं कायदाच केला, अमुक जमातींत जन्मला तो गुन्हेगार! तो १९५२ सालीं रद्द झाला. कायदा गेला, संशय मात्र ठाण्यांत तसाच बसून राहिला.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठांत अनुप सुरेंद्रनाथ हे कायदा शिकवीत. फळ्यावर कलमें लिहून ते थांबले नाहींत. विद्यार्थ्यांना घेऊन फांशीची शिक्षा झालेल्या कैद्यांची चौकशी त्यांनीं आरंभिली. ३७३ कैद्यांशीं बोलणें झालें आणि २०१६ सालीं अहवाल निघाला. शंभरांत सुमारें ७४ जण गरीब निघाले. ७६ जण मागास जातीजमातींचे किंवा अल्पसंख्य धर्मांचे.

शहाणे म्हणतील, गरीबच गुन्हे करतात, त्याला कोर्ट काय करील? त्यांना नाशिककडची हकीकत सांगावी. २००३ सालीं तेथें दरोडा, खून व बलात्कार असा भयंकर गुन्हा घडला. भटक्या जमातींतले सहा गरीब मजूर धरले. २००६ सालीं खालच्या कोर्टानें सहाहि जणांना फांशी दिली. हायकोर्टानें तिघांची जन्मठेप केली. २००९ सालीं सुप्रीम कोर्टानें पुन्हां सहांनाहि फांशीच सांगितली. नंतर त्याच सुप्रीम कोर्टानें फेरसुनावणी घेतली आणि ५ मार्च २०१९ रोजीं सर्वांना निर्दोष सोडलें. त्या घरांतली जी बाई हल्ल्यांतून वांचली, तिनें पोलिसांच्या फोटोंतून प्रथम भलतींच चार माणसें ओळखलीं होतीं. त्यांच्यामागें कोणी गेलेंच नाहीं! कोर्टानें प्रत्येकाला पांच लाख रुपये देवविले. सोळा वर्षांचे पांच लाख. आपल्या सालगड्याचा हिशेब तुम्हांला येतो, हाहि करून पाहा. आणि खरे गुन्हेगार सुटले तें वेगळेंच. त्या बाईला न्याय कोठें मिळाला?

तुरुंगांतहि जात सुटत नव्हती. झाडू कोणीं मारावा, स्वयंपाक कोणीं करावा, हें जातीवरून ठरविणारे नियम सुप्रीम कोर्टानें ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं घटनाबाह्य ठरविले.

आतां कामाचें सांगतों, बायांनीं विशेष ऐकावें, कारण ठाण्यावर धांवावें लागतें तें त्यांनाच. धरलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटपुढें उभें केलें पाहिजे; प्रवासाचा वेळ तेवढा वेगळा. कां धरलें हें सांगितलें पाहिजे. कोठडींतल्या माणसाला, त्याची मिळकत किती हें न पाहतां, सरकारी खर्चानें वकील मिळतो. त्यासाठीं जिल्हा कोर्टांत विधि सेवा प्राधिकरण आहे, आणि १५१०० या नंबरावर फोन लागतो. वकील पहिल्या दिवशींच मागावा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊं नये, आणि शेजारच्या पालावरचा माणूस धरला तर तो त्या रात्रीं आपल्याच वावरांत राखणीला होता हें सांगायला आपण कोर्टांत उभें राहावें.