हळकुंडाची झळाळी आणि शिसे

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे हळदीतून होणाऱ्या शिशाच्या विषबाधेची जगभर चाललेली चर्चा सांगली-साताऱ्याला परकी नाही. फिकट हळकुंडे पॉलिश करताना लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग चोळण्याचा प्रकार दक्षिण आशियात काही ठिकाणी आढळला आहे. शिसे मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करते, आणि त्याची सुरक्षित अशी पातळीच नाही. बांगलादेशात 2019 मध्ये बाजारातल्या हळदीच्या 47 टक्के नमुन्यांत शिसे सापडले. तिथे घाऊक बाजारात क्ष-किरण यंत्राने तपासणी झाली, दंड ठोठावले गेले, व्यापाऱ्यांना समजावले गेले, आणि 2021 मध्ये हे प्रमाण शून्यावर आले.

कुणी म्हणेल, आपल्याकडे अशी तपासणी केली, तर तिचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्याच माथी बसेल. पण हा रंग शेतात नव्हे, बहुधा पॉलिशच्या वेळी चढतो. तेव्हा तपासणीही त्यानंतर, सौद्याच्या जागीच व्हावी. शिवाय भेसळीची एक बातमी पसरली, की चोख मालाचाही भाव पडतो, आणि ते नुकसान कितीतरी मोठे. भेसळीविरुद्ध कायदा आहेच, असेही म्हटले जाते. आहे खरा, पण गिऱ्हाईक पिवळ्याधमक रंगालाच जास्त पैसे मोजत राहिले, तर एकटा कायदा पुरणार नाही. म्हणून हळद घेताना रंगाला भुलू नका. शक्य असेल तिथे पॉलिश न केलेली हळकुंडे घ्या आणि दळून आणा.