एका आडव्या रेघेची गोष्ट

(दवनीवाडा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी आज मोठ्या विषयावर बोलणार नाही. इंग्रजीतील एक लहानशी आडवी रेघ, जिला मराठीत संयोगचिन्ह आणि इंग्रजीत हायफन म्हणतात, तिच्याविषयी दोन शब्द बोलणार आहे. एवढ्याशा रेघेवर भाषण कशाला, असे आपणास वाटेल. म्हणून आधी घडलेली हकीकत सांगतो.

आमच्या नात्यातील एक मुलगी एका कार्यालयात तात्पुरत्या नोकरीवर होती. घरात पहिली कमावती तीच. एके दिवशी कार्यालयाचे इंग्रजी पत्र आले. ओळीच्या शेवटी आर, ई ही दोन अक्षरे, मग छोटी रेघ आणि खालच्या ओळीत एस, आय, जी, एन. घरच्यांनी ते जोडून वाचले, 'रिझाइन', म्हणजे राजीनामा द्या! घरात रडारड झाली. तिच्या अब्बांनी कोणाकडून तरी राजीनाम्याचा अर्जही लिहून घेतला. टपालात टाकण्यापूर्वी त्यांनी तो मला दाखवला, हे नशीब. मी मूळ पत्र मागितले. पुढचे शब्द होते, 'दुसऱ्या पानावर'. आता राजीनामा काय दुसऱ्या पानावर देतात? एका पानावरची सही अस्पष्ट उमटली होती, ती पुन्हा करा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. शब्द 'री-साइन' होता, 'रिझाइन' नव्हता.

मित्रांनो, चूक कोणाची म्हणाल? अक्षरे दोन्ही शब्दांत तीच. रेघ असेल तर पुन्हा सही, नसेल तर राजीनामा. पण हायफनची कामे दोन आहेत. एक, शब्दाचे भाग जोडणे. दुसरे, ओळीत जागा संपली म्हणजे शब्द तोडून खाली नेणे. ओळीच्या शेवटची रेघ शब्दाची आहे की ओळीची, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ते पुढच्या वाक्यावरून ठरवावे लागते. असेच 'रिकव्हर' म्हणजे बरे होणे आणि 'री-कव्हर' म्हणजे पुस्तकाला पुन्हा कव्हर घालणे.

शब्द कोठे तोडावा यावरही विद्वानांत एकमत नाही. 'नॉलेज' म्हणजे ज्ञान. जुन्या इंग्रजी पद्धतीने तो 'नो' म्हणजे जाणणे या मूळ शब्दानंतर तोडत. अमेरिकेत उच्चाराप्रमाणे एल हे अक्षरही वरच्या ओळीत ठेवतात. ज्ञानाच्याच शब्दाचे दोन ठिकाणी तुकडे पडतात, तेव्हा विद्यार्थ्याने एखादी चूक केली तर शिक्षकांनी रागावू नये!

आता आपल्या ओळखीचा शब्द घेऊ. आपला भाग धानाचा. सहकारी संस्थेशी ज्याचा संबंध आला नाही असा शेतकरी विरळा. 'को' म्हणजे सोबत, 'ऑपरेट' म्हणजे काम करणे. दोन्ही मिळून सहकार. दोन 'ओ' शेजारी आले की नवा विद्यार्थी 'कूपरेट' वाचतो, म्हणून मध्ये रेघ. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या इंग्रजी नावात ही रेघ आहे. दिल्लीत २०२१ साली सहकार मंत्रालय निघाले, त्याच्या इंग्रजी नावात ती नाही. दोन्ही बरोबर. शब्द अंगवळणी पडला की रेघ गळते. पूर्वी 'टु-डे' असे रेघ घालून लिहीत, आज कोणी लिहीत नाही. २००७ साली ऑक्सफर्डच्या एका मोठ्या कोशाने सुमारे सोळा हजार शब्दांतील हायफन काढून टाकले.

याच शब्दाचा एक इतिहास आपल्या मुलांना ठाऊक असावा. नोव्हेंबर १९१९ मध्ये दिल्लीला खिलाफतीच्या प्रश्नावर हिंदू-मुसलमानांची परिषद भरली. मौलाना हसरत मोहानी तेथे होते. गांधीजींना सरकारशी साथ तोडण्याची कल्पना मांडायची होती, परंतु योग्य हिंदी किंवा उर्दू शब्द सुचेना. अखेर त्यांनी इंग्रजीच शब्द वापरला, 'नॉन-को-ऑपरेशन'. एका शब्दात दोन रेघा! ही हकीकत त्यांनी आत्मकथेत दिली आहे. पुढे त्याला मराठीत असहकार, हिंदीत असहयोग आणि उर्दूत तर्क-ए-मवालात हे शब्द रूढ झाले. डिसेंबर १९२० मध्ये आपल्या नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात त्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले. त्याच चळवळीतून ऑक्टोबर १९२० मध्ये अलीगढला जामिया मिल्लिया इस्लामिया ही शिक्षणसंस्था उभी राहिली. शब्द आधी सापडला नाही म्हणून काम अडले नाही. पण शब्दाचा अर्थ लोकांना नीट समजावून सांगावा लागला, तेव्हाच लोक पुढे आले.

पालकांना माझी विनंती आहे. घरात एक चांगला शब्दकोश ठेवा. महाग वाटला तर दोन-तीन घरांनी मिळून घ्या, तोही सहकारच. आणि कोणतेही इंग्रजी पत्र आले तर ते शेवटपर्यंत वाचल्याशिवाय, दुसऱ्या जाणत्या माणसास दाखवल्याशिवाय सही करू नका. विद्यार्थ्यांनो, कोशात नुसता अर्थ पाहून पुस्तक मिटू नका. शब्द कोठे तुटतो, उच्चार कसा होतो, मधे रेघ आहे की नाही, हेही पाहा. विचारण्याची लाज धरू नका. त्या मुलीच्या अब्बांनी विचारले, म्हणून तिची नोकरी राहिली.