पेटंटांचा शोध आणि स्वबळाचा उद्योग



बुलढाणा जिल्ह्यात शेतीची औजारे गावातल्या गावात सुधारून घेण्याची रीत जुनी आहे. तिफणीच्या दात्यांमधील अंतर जमिनीप्रमाणे बदलावे, डवऱ्याला चाक बसवावे, फवारणीचा पंप दुचाकीवर चढवावा, अशी कामे सुतार, लोहार आणि वर्कशॉपवाले शेतकऱ्याच्या सांगण्यावरून करून देतात. त्यातील एखादी सुधारणा खरोखरच नवी असते. मग कोणी तरी सुचवितो, "याचे पेटंट घ्या." कारागीर हौसेने खर्चाला तयार होतो. परंतु हीच रचना जगात इतरत्र कोणी आधी प्रसिद्ध केली आहे काय, हा पहिला प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. पेटंटच्या कायद्यात नवेपणा म्हणजे गावापुरता किंवा देशापुरता नवेपणा नव्हे. तीस वर्षांपूर्वी जपानमध्ये छापला गेलेला एक आराखडाही चिखलीच्या अर्जाला आडवा येऊ शकतो. हे अर्ज करून दोन वर्षे गेल्यावर, परीक्षकाचे हरकतपत्र हाती पडल्यावर कळले, तर गाठीचा पैसा आणि उमेद दोन्ही जातात.

म्हणून आधी शोध घ्यावा लागतो. हा शोध संगणकाच्या साहाय्याने करून देणे आणि मिळालेल्या पेटंटांची निगा राखणे हा आज जगभर एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. सावकाराच्या वा गुंतवणूकदाराच्या दारात न जाता, स्वतःच्या कमाईतून तो उभारता येण्याजोगा आहे, म्हणून जिल्ह्यातील शिकलेल्या तरुणांच्या दृष्टीने त्याचा विचार करणे अगत्याचे ठरते.

पेटंट हा शासन आणि संशोधक यांच्यातील एक करार होय. संशोधकाने आपली युक्ती पूर्णपणे उघड करावयाची, त्या बदल्यात अर्जाच्या दिनांकापासून वीस वर्षे ती वापरण्याचा अनन्य हक्क त्याला मिळतो. अर्ज साधारणतः अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि मग तो कोणालाही वाचता येतो. भारतात या पद्धतीचा आरंभ १८५६ च्या कायद्याने झाला. त्याखालील पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज डिपेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी केला होता. उन्हाळ्यात पंखा ओढणाऱ्या माणसाची जागा यंत्राने घ्यावी, ही कल्पना त्या काळी किती मोलाची वाटली असेल, हे वऱ्हाडच्या उन्हात राहणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. सध्याचा कायदा १९७० चा असून तो १९७२ मध्ये अमलात आला. १९९९, २००२ आणि २००५ च्या दुरुस्त्यांनी त्याला आजचे रूप दिले.

या कागदपत्रांचा संग्रह पाहावयाचा, तर एके काळी मोठ्या शहरातील पेटंट कार्यालयाची पायरी चढावी लागे. विदर्भाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना १९८० मध्ये घडली. केंद्र शासनाने पेटंट माहिती प्रणाली ही संस्था नागपूरला स्थापन केली. शेगाव, नांदुरा किंवा मलकापूरहून रेल्वेने एका दिवसात पोहोचता येईल अशा गावी देशाचा पेटंट-माहितीचा संग्रह आला. तेथेच आज राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था असून तिच्यातर्फे या विषयाचे प्रशिक्षण दिले जाते. पुढे संगणकाच्या जाळ्याने अंतरच पुसून टाकले. १९९७ मध्ये आयबीएम कंपनीने अमेरिकन पेटंटे सर्वांना विनामूल्य पाहण्यासाठी खुली केली. १९९८ मध्ये युरोपियन पेटंट कार्यालयाने एस्पासनेट सुरू केले. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचे पेटंटस्कोप आणि भारतीय पेटंट कार्यालयाची शोधप्रणालीही आज विनामूल्य उपलब्ध आहेत.

येथे कोणीही सहज विचारील, की सरकारेच ही माहिती फुकट देत असतील, तर तिच्यासाठी पैसे कोण मोजणार? या प्रश्नाच्या उत्तरातच या उद्योगाचे सारे मर्म आहे.

सरकार कागद देते. त्या कागदांची जुळणी करून देत नाही. एकच कंपनी एका अर्जात एका नावाने, दुसऱ्यात संक्षेपाने, तिसऱ्यात उपकंपनीच्या नावाने येते. एकच शोध दहा देशांत दहा क्रमांकांनी नोंदलेला असतो. ते दहा कागद एकाच कुटुंबातील आहेत, हे कळले नाही तर वाचणारा दहा वेळा तेच वाचतो. चिनी, जपानी, कोरियन भाषांतील मजकूर वेगळाच. शिवाय पेटंट लिहिणाऱ्याची भाषा मुद्दाम मोघम असते. हक्काची व्याप्ती वाढावी म्हणून साध्या चाकाला तो 'फिरणारा आधारघटक' म्हणतो. अशा कोट्यवधी कागदांतून उपयोगाचे पन्नास वेचणे हे काम नुसत्या शब्दशोधाने होत नाही.

शब्दांची अडचण तर आपल्याकडे दुहेरी आहे. भारतात पेटंटचा अर्ज इंग्रजी किंवा हिंदीतच करावा लागतो. तिफण, सरते, वखर, डवरा हे शब्द त्या कागदांत सापडण्याचा संभव जवळजवळ नाही. तिफण शोधणाऱ्याने आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील 'ए ०१ सी ७' या पेरणीच्या वर्गाकडे जावे, डवऱ्याची सुधारणा करणाऱ्याने 'ए ०१ बी ३९' या उभ्या पिकातील मशागतीच्या वर्गात पाहावे, कापूस वेचणीचे यंत्र करणाऱ्याने 'ए ०१ डी ४६' उघडावा. १९७१ च्या स्ट्रासबुर्ग कराराने मान्य झालेले हे वर्गीकरण भाषा ओलांडून जाते. रशियन पेटंटवरही तोच अंक असतो. मराठी औजाराचे नाव टाइप केले की योग्य वर्ग आणि त्यातील जवळची पेटंटे समोर यावीत, अशी प्रणाली मोठ्या परदेशी कंपनीला करावीशी वाटणार नाही. तिच्या मानाने हा बाजार लहान आहे. वऱ्हाडातील दोघा-तिघा अभियंत्यांच्या मानाने तो लहान नाही.

शोधाइतकेच महत्त्व व्यवस्थापनाला आहे. पेटंट मिळाले म्हणजे काम संपले, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः तेव्हापासून तारखांचा फेरा सुरू होतो. तात्पुरते विवरणपत्र दाखल केल्यास बारा महिन्यांत पूर्ण विवरणपत्र द्यावे लागते. परदेशात हक्क हवा असेल, तर तेथील अर्जासाठीही अग्रक्रमाची मुदत बारा महिनेच. परीक्षणाची विनंती पूर्वी अठ्ठेचाळीस महिन्यांपर्यंत करता येत असे. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना ती मुदत एकतीस महिन्यांवर आली. हरकतपत्राला उत्तर देण्यास सहा महिने. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरणाचे शुल्क. ते भरण्यास सहा महिन्यांची वाढीव मुदत मिळते. तीही टळली तर पेटंट रद्द होते आणि अठरा महिन्यांच्या आत अर्ज करून, कारण पटवून देऊन ते पुनरुज्जीवित करावे लागते. एखाद्या महाविद्यालयाची वीस-पंचवीस पेटंटे असतील, तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर हा हिशेब राहू शकत नाही.

या तारखांमुळेच हा व्यवसाय स्वबळावर चालण्यास योग्य ठरतो. ग्राहक वर्षाची वर्गणी आगाऊ देतो, कारण त्याला वर्षभर आठवण हवी असते. पुढच्या वर्षी तो सहसा सोडून जात नाही, कारण त्याच्या नोंदी तेथे असतात. आगाऊ आलेली वर्गणी हेच भांडवल. मात्र त्याच तारखांमुळे जबाबदारीही जड होते. प्रणालीतील एका चुकीने ग्राहकाचा वीस वर्षांचा हक्क बुडू शकतो. हिशेबाच्या संगणक-प्रणालीतील चूक महिनाअखेरीस सुधारता येते. येथे तशी सवलत नाही.

या क्षेत्रातील पहिल्या मोठ्या उद्योगाचा जन्मही घरगुतीच होता. माँटी हायम्स या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने दुसऱ्या महायुद्धानंतर पेटंटांचे सारांश घरी बसून लिहावयास आरंभ केला. ते वर्गणीदारांना विकता विकता डरवेंट ही संस्था उभी राहिली. पुढे ती थॉमसन समूहाकडे गेली आणि जगभरच्या ग्रंथालयांत पोहोचली. आपल्या राज्यात पुण्याच्या ग्रिडलॉजिक्स कंपनीने 'पेटंट इनसाइट प्रो' आणि 'पॅटसीअर' या प्रणाली तयार केल्या. पेटंटशोधाची साधने महाराष्ट्रात घडू शकतात, याला याहून वेगळा पुरावा नको.

गुंतवणूकदाराच्या पैशाविना संगणक-उद्योग कसा वाढतो, याचे उत्तम उदाहरण मात्र दुसऱ्या क्षेत्रातील आहे. सातारा जिल्ह्यातून आलेले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करीत असत. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने बिघडलेले दिसू लागले, तेव्हा शिकत असलेले त्यांचे बंधू संजय यांनी त्यावर उपाय करणारी आज्ञावली लिहिली. दुरुस्तीच्या उत्पन्नावर घर आणि आज्ञावली दोन्ही चालली. १९९० च्या दशकाच्या मध्यास ती 'क्विक हील' या नावाने बाजारात आली. बाहेरची मोठी गुंतवणूक २०१० मध्ये घेतली गेली आणि २०१६ मध्ये समभाग बाजारात आले. म्हणजे पहिली पंधरा-सोळा वर्षे ग्राहकाच्याच पैशावर गेली. परक्या भांडवलाची वाट पाहणे किती महाग पडते, हे मुंबईचे शंकर आबाजी भिसे यांच्या चरित्रावरून कळते. त्यांच्या नावावर सुमारे चाळीस पेटंटे सांगितली जातात. लंडनमध्ये अपेक्षिलेले भांडवल उभे न राहिल्याने १९०८ च्या अखेरीस त्यांना मायदेशी परतावे लागले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या ओळखीने रतन टाटा यांचे साहाय्य लाभले, तेव्हा कोठे त्यांच्या मुद्रणयंत्राचे काम पुढे सरकले. बुद्धीची उणीव तेथे मुळीच नव्हती.

बुलढाणा जिल्ह्याला थोड्या भांडवलाचे वावडे नाही. १९८६ मध्ये ७२ सभासद आणि १२ हजार रुपयांवर सुरू झालेली बुलढाणा अर्बन ही पतसंस्था पुढे देशातील मोठ्या सहकारी पतसंस्थांत गणली गेली. शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून अभियंते घडवीत आहे. खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे. तेथून बाहेर पडणारे बहुतेक तरुण पुण्याची वाट धरतात, ही गोष्ट प्रत्येक पालकाला ठाऊक आहे.

अशा दोघांनी प्रारंभी आज्ञावली लिहीतच बसू नये, असे या व्यवसायाचा अनुभव सांगतो. आधी शोध-अहवाल हाताने करून द्यावेत. समजा, एका अहवालाचे दहा हजार रुपये मिळाले आणि महिन्यास चार अहवाल झाले, तर चाळीस हजारांत दोघांचे साधे घर चालते. त्यातून पाच हजार बाजूला टाकले, तर यंत्रसामग्रीचा खर्च निघतो. प्रत्येक अहवालात जे काम पुनःपुन्हा करावे लागते, तेवढ्यापुरतीच आज्ञावली लिहावी. प्रथम नावे जुळविणारी, मग कुटुंबे एकत्र करणारी, त्यानंतर तारखा सांगणारी. कोणत्या भागासाठी ग्राहक पैसे देतो, हे अशा क्रमाने आपोआप कळते. कंटाळवाणी वाट आहे खरी. परंतु कर्जाचा हप्ता नसल्याने दोन महिने काम मिळाले नाही, तरी दुकान बंद पडत नाही.

येथे कायद्यातील एक गंमत सांगितली पाहिजे. पेटंट शोधणाऱ्या या आज्ञावलीला स्वतःला भारतात पेटंट मिळत नाही. कलम ३ मधील तरतुदीनुसार निव्वळ संगणक-आज्ञावली हा पेटंटचा विषय नाही. तिला संरक्षण आहे ते १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे, कथा-कादंबरीला असते तसे.

शोधाअभावी समाजाचे काय नुकसान होते, हे हळदीच्या प्रकरणाने दाखविले. १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याच्या उपायावर पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे आणि १९५३ च्या एका वैद्यकीय नियतकालिकातील लेखाचे पुरावे मांडले. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. घराघरातील आजीला ठाऊक असलेली गोष्ट छापील पुराव्याने सिद्ध करावी लागली. या जिल्ह्यात लोणारचे खारे सरोवर आहे. तेथील सूक्ष्मजीवांवर अनेक संशोधकांची नजर आहे. अशा जीवावर आधारलेल्या शोधाचे पेटंट हवे असल्यास त्याचे उगमस्थान अर्जात सांगावे लागते आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय प्राधिकरणाकडेही जावे लागते. जगात कोठे लोणारचे नाव असलेला नवा अर्ज प्रसिद्ध झाला, की त्याची सूचना त्याच आठवड्यात बुलढाण्यात मिळावी, हे काम एक लहानशी प्रणाली सहज करू शकते.

शुल्काची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. संगणकाद्वारे केलेल्या मूळ अर्जाला मोठ्या कंपनीस ८,००० रुपये पडतात. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना १,६०० रुपये. तिसऱ्या ते सहाव्या वर्षाचे नूतनीकरण त्यांना वर्षाला ८०० रुपयांत होते. स्टार्टअपना अर्ज तयार करून देणाऱ्या नोंदणीकृत साहाय्यकांची फी केंद्राच्या २०१६ च्या योजनेतून दिली जाते. वर्गीकरणाचे संपूर्ण कोष्टक संगणकावर विनामूल्य आहे. तिफणीपासून डवऱ्यापर्यंतच्या शब्दांची यादी मात्र कोणत्याही संकेतस्थळावर तयार मिळणार नाही. ती मेहकर, जळगाव जामोद, सिंदखेड राजा या भागांतील औजारे करणाऱ्यांकडे बसून, एकाच वस्तूला चार गावांत असलेली चार नावे विचारून लिहून घ्यावी लागेल, आणि त्या कामाला वही-पेन्सिलीखेरीज भांडवल लागत नाही.