कापसाचा तंतू आणि पेशीची भिंत



आपल्या शहराचा हिमरू सूत आणि रेशीम यांच्या मिलाफाने विणला जातो. त्यातले सूत म्हणजे काय? सरकीवरचा प्रत्येक तंतू ही एकच लांबलेली पेशी होय. बोंड उकलल्यावर आपल्या हाती येते ती तिची वाळलेली भिंत. तिच्यात शेकडा ९० हून अधिक सेल्युलोजच असते.

ही भिंत दोन टप्प्यांत घडते. फूल उमलते त्याच सुमारास कोवळ्या बीजाच्या सालीवरील पेशी वर येऊ लागतात. ऑक्झिन व जिबरेलिन या संप्रेरकांच्या प्रभावाने त्यांची भिंत सैल पडते, आतल्या पाण्याचा दाब तिला ताणतो, आणि सुमारे ३ आठवड्यांत तंतू इंचभर होतो. मग लांबणे थांबते व आतून सेल्युलोजचे थर चढतात. लांबी पहिल्या टप्प्यात ठरते, जाडी दुसऱ्या.

संप्रेरकाने भिंत सैल केली, पण ताणायला पाणीच नसले, तर तंतू आखूड राहणार. म्हणून फुलोऱ्यानंतर पावसाने ओढ दिली, तर मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याने शेततळ्यातले एक पाणी तेव्हाच द्यावे. मागाहून दिलेले पाणी गेलेली लांबी परत आणीत नाही.