निम्म्या वेगाचा हिशेब



 जहाजावरच्या पॉवर कन्व्हर्टरविषयी बरीच वर्षं मनात असलेली एक गोष्ट आज परिषदेच्या या व्यासपीठावरून मांडतो.

कन्व्हर्टर घेताना आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : कार्यक्षमता किती? उत्तर येतं 97 टक्के, 98 टक्के. हा आकडा पूर्ण लोडचा. पण जहाज पूर्ण लोडवर फार थोडा वेळ असतं. ते ज्या लोडवर आपले दिवस काढतं त्या लोडसाठी कन्व्हर्टरचं डिझाइन व्हावं, आणि त्याच लोडवर तो मोजलाही जावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

प्रॉपेलरला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग निम्मा केला की शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. म्हणजे 1 मेगावॅटचा ड्राइव्ह निम्म्या वेगानं बंदराकडे येताना जेमतेम 125 किलोवॅट देत असतो. आता दोन कन्व्हर्टर घ्या. पहिल्याची पूर्ण लोडवरची हानी 30 किलोवॅट. त्यातले 10 किलोवॅट कूलिंग पंप, पंखे, ट्रान्सफॉर्मरचा गाभा, कंट्रोल कार्ड यांत कायमचे जातात, लोड असो वा नसो. दुसऱ्याची पूर्ण लोडवरची हानी 35 किलोवॅट, पण कायमची हानी फक्त 4. सोयीसाठी उरलेली हानी लोडच्या प्रमाणात बदलते असं धरू. निविदेत पहिला जिंकतो, कारण कागदावर तो अर्ध्या टक्क्यानं पुढे आहे. निम्म्या वेगाला मात्र पहिला साडेबारा किलोवॅट गमावतो आणि दुसरा आठ. पहिल्याची कार्यक्षमता 91 टक्क्यांवर घसरते, दुसऱ्याची 94 वर टिकते. ज्या जहाजाचे बहुतेक तास संथ गतीत जातात, त्याच्या मालकानं पहिला कन्व्हर्टर घेतला तर तो वर्षानुवर्षं डिझेल जाळून निविदेतला अर्धा टक्का फेडत राहतो.

ही कायमची हानी कमी करण्याचे उपाय आपल्या हातातले आहेत. एका मोठ्या कन्व्हर्टरऐवजी समांतर मॉड्यूल ठेवून कमी लोडला काही बंद करता येतात. पंखे आणि पंप तापमानाप्रमाणे हळू चालवता येतात. गाभ्यासाठी कमी हानीचं साहित्य निवडता येतं. यात नवा शोध कुठलाच नाही. निविदेत मागितलं जात नाही, म्हणून कुणी देत नाही.

हानी म्हणजे उष्णता, आणि जहाजावर तिला जायला जागा नसते. क्लासिफिकेशन सोसायट्यांचे नियम इंजिनरूमची हवा 45 अंश आणि समुद्राचं पाणी 32 अंश सेल्सिअस धरून यंत्रं तपासायला सांगतात. ती उष्णता बाहेर काढणारे पंप आणि ब्लोअर त्याच जनरेटरवर चालतात. म्हणून वाया गेलेल्या प्रत्येक किलोवॅटचा थोडा भार जनरेटरवर पुन्हा एकदा पडतो.

आता फिल्टरकडे वळतो. किनाऱ्यावर आपल्या मागे अख्खं ग्रिड असतं. जहाजावर असतात दोन-चार आल्टरनेटर. सहा पल्सचा साधा रेक्टिफायर पाचवे, सातवे हार्मोनिक्स त्यांच्यावर सोडतो. एकूण विकृती साधारण 8 टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आहे, म्हणून फिल्टर बसवले जातात आणि मग विसरले जातात. 23 सप्टेंबर 2010 रोजी पहाटे ‘क्वीन मेरी 2’ हे जहाज बार्सिलोनाजवळ आलं असताना मागच्या हार्मोनिक फिल्टरच्या खोलीत स्फोट झाला. कपॅसिटर फुटला होता. चारही प्रॉपल्शन मोटर थांबल्या, जहाज अंधारात गेलं आणि पुन्हा मार्गी लागायला सुमारे तास लागला. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. कपॅसिटर खराब होत असल्याची सूचना देण्यासाठी करंटचा असमतोल टिपणारी एक यंत्रणा होती. ती बहुधा कित्येक वर्षं बंदच होती, असं ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाला आढळलं. कन्व्हर्टरची कार्यक्षमता सांगताना आपण फिल्टर बाहेर ठेवतो. तो हिशेबात धरा. त्याची हानी, त्याचं वजन, त्याची देखभाल, सगळं धरा. हार्मोनिक्स मुळातच कमी सोडणारा ॲक्टिव्ह फ्रंट एंड महाग वाटतो. ही बेरीज केल्यावर कित्येकदा तो महाग राहत नाही.

सिलिकॉन कार्बाइडच्या स्विचबद्दल तरुण मंडळींचा उत्साह मी समजू शकतो. स्विचिंगची हानी खरोखर घटते, इंडक्टर लहान होतात. पण व्होल्टेज इतक्या झपाट्यानं चढतं, की लांब केबलच्या टोकाला मोटरच्या वाइंडिंगवर ते जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. शिवाय जहाजाची लो-व्होल्टेज व्यवस्था बहुधा अर्थिंगपासून अलग असते. एका तारेचा हलशी संपर्क झाला तरी स्टिअरिंग गिअर चालू राहावा, हा त्यामागचा विचार. वेगवान स्विचिंगचा व्यत्यय दाबण्यासाठी आपण प्रत्येक कन्व्हर्टरच्या तोंडाशी हलकडे जाणारे ईएमआय कपॅसिटर जोडत गेलो, की ती अलगता आपणच पोखरतो. अमेरिकी लष्करी मानक नौदलाच्या 60 हर्ट्झच्या उपकरणांना प्रत्येक तारेमागे 0.1 मायक्रोफॅरडच्या वर जाऊ देत नाही, ते हलमध्ये जाणारे प्रवाह मर्यादित ठेवण्यासाठी. वेगवान स्विच निवडणाऱ्यानं हा धडा आधी वाचावा.

डीसी बसचा विचार मला याहून मोलाचा वाटतो. एसी व्यवस्थेत 60 हर्ट्झ सांभाळायचे म्हणून इंजिन कमी लोडलाही त्याच वेगानं फिरत राहतं. डीसी बसवर हे बंधन उरत नाही, इंजिनाचा वेग लोडबरोबर खाली आणता येतो. 2013 मध्ये नॉर्वेत ‘दिना स्टार’ हे पुरवठा-जहाज या पद्धतीनं बांधलं गेलं. इथे अडचण संरक्षणाची आहे. डीसीचा करंट आपसूक शून्यावर येत नाही, आणि दोष झाला की कपॅसिटर क्षणात रिकामे होतात. सॉलिड स्टेट ब्रेकर ते थांबवतो, पण तो दिवसभर थोडी वीज खातो. त्याचीही नोंद कमी लोडच्या रकान्यात व्हायला हवी.

हे सगळं आता आपल्या दाराशी आलं आहे. कोचीच्या वॉटर मेट्रोच्या बॅटरीवरच्या बोटी एप्रिल 2023 पासून धावत आहेत. बॅटरीच्या बोटीवर वाया जाणारी वीज म्हणजे जास्तीची बॅटरी, म्हणजे जास्तीचं वजन. भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो फेरी 2020 पासून चालते. गेटवेहून घारापुरीला लाँचेस जातात. मार्ग ठरलेले, वेळापत्रक ठरलेलं. अशा फेऱ्यांचं विद्युतीकरण व्हायचं असेल, तर आधी त्यांचा लोड तासातासाला कसा बदलतो हे कळलं पाहिजे.

म्हणून दोन विनंत्या करतो. जहाजबांधणी आणि खरेदीशी संबंधित मंडळींनी पुढच्या निविदेत 10, 25, 50 आणि 100 टक्के लोडवरची हानी फिल्टर आणि कूलिंगसह लिहून मागावी. आणि इथे बसलेल्या प्राध्यापकांनी यंदाच्या शेवटच्या वर्षाचा एक तरी प्रकल्प प्रयोगशाळेबाहेर काढावा : बोटवाल्यांची परवानगी घेऊन मुलांना लॉगरसह फेरीबोटीवर पाठवावं, पावसाळ्याच्या आधी आणि नंतरही, आणि मिळालेले आकडे पुढच्या वर्षी याच परिषदेत सर्वांसाठी खुले करावेत.